लोणारचे शंभर मीटर

लोणारला गेलेला माणूस कड्यावर उभा राहतो, सरोवराचा फोटो काढतो आणि परततो. गावाकडे त्याची पाठच असते. पण या गावाने कसं वाढायचं, हे गेली काही दशकं बरंचसं दिल्लीत ठरत आलंय.

गावाच्या वस्तीत दैत्यसूदनाचं मंदिर आहे. ते केंद्राचं संरक्षित स्मारक. १९९२ साली केंद्राने अधिसूचना काढली : अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीनेच. २०१० साली हे थेट कायद्यात आलं. म्हणजे मंदिरालगतच्या गल्लीत लेकाच्या लग्नाआधी घरावर एक खोली चढवायची, तर नगरपरिषद ‘हो’ म्हणाली तरी चढवता येत नाही. जुन्या घराच्या डागडुजीलाही वरची परवानगी लागते.

इकडे सरोवर २००० साली अभयारण्य झालं, २०२० साली पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं. तरी गावाचं सांडपाणी वर्षानुवर्षं त्याच विवरात उतरत राहिलं. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं.

नियम चुकीचे नाहीत. पण खोलीला परवानगी लागते, गटाराला लागली नाही. भिंत दिसते, म्हणून अडवता येते. गटार वळवायला पैसा आणि रोजची देखभाल लागते.

तुमच्या गावाचा विकास आराखडा हरकतींसाठी खुला होईल, तेव्हा रस्त्याच्या रुंदीआधी एवढंच विचारा : सांडपाणी कुठे जाणार?