बंगळूरची गुलाबी झाडे
१. ‘जयनगरातली जपानी चेरी’ : मार्चमधल्या सहलीत लेखिकेने पाहिलेली ही झाडे चेरीची नव्हेत, टॅबेबुया रोझिआची. जपानी चेरी गुलाबाच्या कुळातली. तिच्या कळ्या उमलण्याआधी कित्येक आठवड्यांची कडक थंडी लागते, ती बंगळुरात पडत नाही. टॅबेबुया मूळची मध्य अमेरिकेची, एल साल्वादोरचा राष्ट्रीय वृक्ष, आणि कुळाने आपल्या मेडशिंगीची नातलग. पाने झडलेल्या फांद्यांवर ती कर्ण्याच्या आकाराच्या फुलांनी लगडते, म्हणून दुरून फसगत होते. या शहरात बारा महिने काही ना काही फुललेले असावे, ही दृष्टी लालबागेचे जर्मन उद्यानतज्ज्ञ गुस्टाव्ह क्रुम्बिगेल (१८६५–१९५६) यांची. त्यांचे ऋण इथे नोंदवायलाच हवे. भारतात खरी चेरी पाहायची तर नोव्हेंबरात शिलाँग गाठावे. तिथे हिमालयातले पद्मकाष्ठ फुलते.