चाचणीचे साहित्य पेटीत का येत नाही?

ही १९७६ सालची गोष्ट. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टीव्ह जॉन्सन हे संगणकतज्ज्ञ वैतागून आपले सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत शिरले. त्यांची सारी सकाळ एका प्रोग्रॅममधील चूक शोधण्यात वाया गेली होती. चूक तर त्यांनी आधीच दुरुस्त केलेली होती! पण दुरुस्त फाइलचे पुन्हा यंत्रभाषेत भाषांतर करायचे राहिले आणि जुळणी झाली ती जुन्याच तुकड्याची. फेल्डमन यांनाही आदल्या संध्याकाळी हाच त्रास झाला होता. दोघांच्या बोलण्यातून कल्पना निघाली आणि त्याच शनिवार-रविवारी ‘मेक’ हे साधन तयार झाले.

मेकची युक्ती साधी आहे. कोणती फाइल कोणत्या फाइलींवर अवलंबून आहे ते आपण लिहून द्यायचे. मूळ फाइल तिच्यापासून बनलेल्या फाइलीपेक्षा नंतरच्या वेळेची असेल, तर तेवढाच भाग मेक पुन्हा बांधतो. त्याची एक खोड मात्र प्रसिद्ध आहे. प्रत्येक आज्ञेच्या आधी ‘टॅब’ हवा, मोकळी जागा चालत नाही. ही अडचण फेल्डमन यांच्या लवकरच ध्यानात आली होती. पण तोवर मेक वापरणारे डझनभर लोक झाले होते आणि त्यांना त्रास नको म्हणून त्यांनी ती तशीच ठेवली. डझनभरांच्या सोयीसाठी पुढे लाखोंनी टॅब मोजले!

१९९५ मध्ये सन कंपनीची जावा भाषा आली. जावाच्या भाषांतरित फाइलींना ‘क्लास’ फाइली म्हणतात. त्या एकत्र बांधण्यासाठी १९९७ पासून ‘जार’ ही पेटी वापरात आली. जार म्हणजे आतून झिप फाइलच. त्याच वर्षी केंट बेक आणि एरिक गामा यांनी झ्युरिकहून अटलांटाला जाताना विमानात ‘जेयुनिट’ची सुरुवात केली आणि मूळ प्रोग्रॅमसोबत त्याच्या चाचण्याही लिहिण्याची पद्धत रुळू लागली. टॅबला कंटाळलेल्या जेम्स डंकन डेव्हिडसन यांचे ‘अँट’ २००० साली स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाले. त्यात काय, कोठून, कोणत्या पेटीत भरायचे हे सारे स्वतःच लिहावे लागे. साहजिकच प्रत्येक प्रकल्पाची रीत वेगळी. एकाच ‘टर्बाइन’ प्रकल्पातील थोड्या थोड्या फरकाच्या अशा अँट-फाइलींना कंटाळूनच ‘मेव्हन’ जन्माला आले. त्याची पहिली आवृत्ती २००४ ची, दुसरी २००५ ची.

मेव्हनने घर आखून दिले. मूळ प्रोग्रॅम ‘मेन’ या कप्प्यात, चाचण्या ‘टेस्ट’ या कप्प्यात. पेटी भरताना फक्त पहिला कप्पा घ्यायचा. पुस्तक छापून झाल्यावर मुद्रितशोधनाची पाने कोणी विद्यार्थ्याला देत नाही, तसेच हे. प्रोग्रॅम ज्या लायब्ऱ्यांवर विसंबून आहे, त्यांनाही दर्जे आहेत. ‘टेस्ट’ दर्जाची लायब्ररी फक्त चाचणीपुरती. दुसऱ्या आवृत्तीपासून लायब्रऱ्यांच्या लायब्रऱ्याही आपोआप येऊ लागल्या, पण टेस्ट दर्जाच्या नाहीत. आमच्या मते हा निर्णय योग्यच होता.

अडचण कोठे येते ते पाहू. समजा, ‘क’ प्रकल्पात चाचणीसाठी काही उपयुक्त क्लास लिहिले आहेत आणि ते ‘ख’ प्रकल्पातील चाचण्यांनाही हवे आहेत. ‘ख’ने ‘क’ची जार मागवली. बांधणी करताना उत्तर येते : असा क्लासच नाही. फाइल तर डोळ्यांसमोर दिसते आहे! मग काहीजण जावाच पुन्हा बसवतात, काहीजण तीच आज्ञा पाच वेळा देतात. दोष प्रोग्रॅममध्ये नाही, पेटीत आहे. जॉन्सन यांच्या सकाळीसारखेच हे.

अशा वेळी पहिला प्रश्न विचारावा : हरवलेला क्लास कोणाचा? तो ‘क’च्या टेस्ट कप्प्यातील असेल, तर ती पेटी मागवलेलीच नाही. मेव्हनला ‘टेस्ट-जार’ अशी दुसरी पेटी बनवायला सांगता येते. तिच्या नावाला ‘टेस्ट्स’ हे शेपूट लागते आणि ‘ख’ने ती तशीच नावानिशी मागवायची असते. पण हरवलेला क्लास जेयुनिटसारख्या परक्या लायब्ररीतील असेल, तर प्रकरण वेगळे. दुसरी पेटी आली, पण तिच्या टेस्ट दर्जाच्या लायब्रऱ्या मागेच राहिल्या. त्या ‘ख’मध्ये पुन्हा लिहाव्या लागतात. शंका असेल तर जार झिपप्रमाणे उघडून आतील यादी वाचावी. वरच्या वर्गातील मुलांना हे सहज जमते आणि त्यात मजाही येते.

सगळ्या लायब्रऱ्या एकाच पेटीत ओतण्याचा मार्गही पुष्कळजण धरतात. तेथे वेगळाच घोटाळा होतो. दोन लायब्रऱ्यांत एकाच नावाची सेवा-यादी असली की बहुधा एकच उरते आणि बांधणी बिनबोभाट पार पडूनही प्रोग्रॅम चालताना अडतो. चाचणीचे क्लास तर याही पेटीत सहसा येत नाहीत.

टेस्ट-जारची उणीव मेव्हनच्या माहितीपत्रकातच कबूल केलेली आहे. तेथे सुचवलेला उपाय असा : सामायिक चाचणी-साहित्याचा वेगळा उपप्रकल्प करावा, ते त्याच्या मेन कप्प्यात ठेवावे आणि ‘ख’ने तो टेस्ट दर्जाने मागवावा. मग जेयुनिटही सोबत येते. मेव्हननंतर आलेल्या ‘ग्रेडल’ या साधनाने २०१९ मध्ये, ५.६ या आवृत्तीत, मेन आणि टेस्ट यांच्या जोडीला ‘टेस्ट फिक्स्चर्स’ हा तिसराच कप्पा दिला आणि त्याच्या लायब्रऱ्यांची यादीही वेगळी ठेवली.