भीमनगरच्या ओव्या आणि निवडीचा प्रश्न

लंडनच्या ‘आर्ट ऑफ नॉइज’ या गटाने १९८३पासून फेअरलाइट नावाच्या संगणकी वाद्यात इंजिनाचे, माणसांच्या बोलण्याचे आवाज भरून गाणी रचली; १९८८ साली त्यांच्या निवडक गाण्यांचा संग्रहही निघाला. उचललेल्या तुकड्यांतून नवे गाणे करणे ही यंत्राची देणगी, असे अनेकांना वाटते. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या जात्यावरच्या ओव्या ऐकल्या की हा समज टिकत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या पुण्याच्या प्रकल्पाने १९९६ साली या वस्तीत राधाबाई बोऱ्हाडे, रंगूबाई पोटभरे आणि इतर बायकांच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. पहिली ओवी अमक्याला, दुसरी तमक्याला, अशी मोजत जाण्याची रीत फार जुनी. तिच्यात देव, मायबाप, भाऊ पिढ्यान्‌पिढ्या बसले होते. भीमनगरच्या बायकांनी रीत तीच ठेवली आणि देवाच्या जागी बुद्ध, भीमराव आंबेडकर, त्यांच्या पत्नी रमाबाई आणल्या. आंबेडकरांबरोबर दलितांनी १९५६ साली केलेले बौद्ध धर्मांतर असे दळणाच्या गाण्यात उतरले. ऐकणारीला जुनी ओवी पाठ असते, म्हणूनच बदललेले नाव तिच्या कानात ठसते.

कोणी म्हणेल, हे सगळ्याच लोकगीतांत होते. शिवाय यंत्र प्रत्यक्ष आवाज उचलते, बाई आठवणीतून घेते. साधनांचा हा फरक खराच. पण लोकगीतात ओळी नकळत झिरपतात, इथे मात्र कुणाचे नाव काढायचे आणि कुणाचे घालायचे हा उघड निर्णय आहे, आणि तो एका समाजाच्या आयुष्याला भिडलेला आहे. दुसरा आक्षेप अधिक जड आहे. विजेची गिरणी आली, जाते सुटले. पुण्याच्या या प्रकल्पाने हजारावर गावांतून जमवलेल्या लाखाहून अधिक ओव्या आता ऐकणार कोण? त्यापेक्षा लंडनच्या त्या गटासारखा सर्वोत्तम शंभरांचा संग्रह काढावा. जरूर काढावा, नव्या ऐकणाऱ्याला सुरुवात कुठून तरी हवीच. मात्र निवडणारा आधी ‘त्याच त्या’ ओव्या गाळतो, आणि या बदलाचा नेमका पुरावा त्यांच्यातच असतो. एकच रचना एका गावात विठ्ठलासाठी, दुसऱ्यात भावासाठी, माजलगावात बाबासाहेबांसाठी गायली गेली, हे ती रूपे शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ हे संकेतस्थळ २०१७पासून या ओव्या गायिकेच्या नावागावासह प्रसिद्ध करत आहे. मराठवाड्यातल्या महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी विद्यार्थ्यांपुढे उत्तम दहा ओव्यांआधी एकाच ओवीची दहा रूपे ठेवावीत, आणि प्रत्येकीखाली ती गाणाऱ्या बाईचे नाव छापावे.