गट का पडतात? रिपब्लिकन फाटाफुटीकडे पाहताना

चिखली तालुक्यातल्या वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो : "आपलेच लोक एकत्र का राहत नाहीत?" विचारणारा बहुधा स्वतःही कुठल्यातरी गटाचा असतो, ते सोडून देऊ.

समाजशास्त्र स्पर्धा आणि संघर्ष वेगळे धरते. स्पर्धेत दोघांची नजर एकाच पदावर असते, पण नियम दोघांनाही मान्य असतात. संघर्षात समोरच्याला हटवणे हाच हेतू होऊन बसतो.

बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर 3 ऑक्टोबर 1957 रोजी नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. दोनेक वर्षांतच बी. सी. कांबळे यांचा 'दुरुस्त' गट निघाला आणि दादासाहेब गायकवाडांच्या बाजूला 'नादुरुस्त' म्हटले जाऊ लागले. वरवर भांडण नेतृत्वाचे दिसते. आत मुद्दाही होता : सनदशीर मार्गाने राखीव हक्क जपायचे, की डाव्यांसोबत भूमिहीनांसाठी रस्त्यावर उतरायचे? 1964-65 चा देशव्यापी भूमिहीन सत्याग्रह दादासाहेबांनी करून दाखवला. पुढे काँग्रेसशी युतीवरून गायकवाड आणि खोब्रागडे यांचेही फाटले. दलित पँथर 1972 साली उभी राहिली, 1974 मध्ये ढसाळ-ढाले वादात फुटली.

आपल्या जिल्ह्याचाच दाखला घ्या. बुलढाणा लोकसभा मतदारसंघ राखीव असताना 1977 साली दौलत गुणाजी गवई खोब्रागडे गटाकडून निवडून आले होते. पुढच्या निवडणुकांत ती जागा आधी काँग्रेसकडे आणि नंतर शिवसेनेकडे गेली. 1998 साली मात्र ऐक्यामुळे प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे आणि रामदास आठवले असे चौघे खुल्या मतदारसंघांतून काँग्रेसच्या साथीने लोकसभेत गेले. ऐक्य फार काळ टिकले नाही. 1999 मध्ये चौघांपैकी दोघेच परतले.

नेत्यांचा अहंकार हे उत्तर आम्हाला अपुरे वाटते. बाबासाहेबांच्या हयातीत त्यांचा शब्द अंतिम होता. त्यांच्यानंतर वाद मिटवण्याची सर्वमान्य रीत पक्षात रुजलीच नाही. शिवाय मोठा पक्ष जागा देतो ती नेत्याला, पक्षाला नाही. मग ज्याचा स्वतंत्र गट, त्याचाच वेगळा वाटा. फुटणे अशाने फायद्याचे ठरते. गावात एकाच विहारापुढे दोन जयंती समित्या होतात, त्यामागचे गणितही फारसे निराळे नसते.

विनयपिटकातल्या महावग्गात कोसंबीच्या भिक्खूंची हकीकत येते. भांड्यात पाणी शिल्लक ठेवण्यासारख्या किरकोळ गोष्टीवरून संघात दोन तट पडले. बुद्धांनी समजावले, तरी कोणी ऐकेना. ते पारिलेय्यक वनात निघून गेले. अखेर कोसंबीच्या उपासकांनी दोन्ही तटांना वंदन करणे सोडले, भिक्षा बंद केली. तेव्हा ते भिक्खू श्रावस्तीला बुद्धांकडे गेले आणि वाद मिटला.


आपल्याकडे वर्गणी मात्र दोन्ही समित्यांना मिळते.