विजापूर : दोन दिवसांत एक राजधानी

सुटीला जोडून शनिवार-रविवार आला की मुंबई-पुण्याचा पर्यटक सवयीने घाटाची किंवा कोकणाची वाट धरतो. सोलापूरच्या दक्षिणेस अवघ्या शंभर किलोमीटरवर असलेली आदिलशाहीची राजधानी बहुधा त्याच्या यादीत नसते. असलीच, तर पंढरपूर किंवा तुळजापूरहून परतताना गोलघुमटाला धावती भेट देण्यापुरती. घुमटात दोन-चार हाका मारून गाडी सोलापूरच्या रस्त्याला लागते आणि 'विजापूर पाहिले' असे समाधान मिळते. प्रत्यक्षात त्याने एक इमारत पाहिलेली असते, राजधानी नव्हे. ती पाहायची तर विजापुरात एक रात्र काढली पाहिजे आणि शनिवार-रविवारच्या दोन्ही सकाळी हाताशी राखल्या पाहिजेत.

कर्नाटक शासनाने २०१४ मध्ये शहराचे नाव अधिकृतपणे विजयपुरा केले. रेल्वेच्या वेळापत्रकात आणि रस्त्यावरील फलकांवर आता तेच आढळते. मराठी माणसाच्या तोंडी मात्र विजापूर हेच नाव आहे. ते स्वाभाविकही आहे, कारण शिवकालाच्या इतिहासात रायगडाखालोखाल ज्या राजधान्यांचा उल्लेख येतो त्यांत हे शहर अग्रभागी आहे. शहाजीराजे १६३६ नंतर याच दरबारच्या चाकरीत होते आणि १६५९ मध्ये अफजलखान निघाला तोही येथूनच. त्याआधीचा धागा कमी परिचित आहे. पहिल्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात (१५३४ ते १५५८) महसुलाच्या हिशेबातून फारसी मागे पडून मराठी दफ्तर रूढ झाले आणि दख्खनी ब्राह्मण कारकून वर्गाला राज्यकारभारात स्थान मिळाले.

कसे जाल, कधी जाल

विजापूर सोलापूर-गदग लोहमार्गावर आहे. मुंबई-पुण्याहून रात्रीच्या गाडीने सोलापूर गाठून पुढे रेल्वेने किंवा बसने जाणे सोयीचे पडते. पुण्याहून मोटारीने अंतर सुमारे साडेतीनशे किलोमीटर आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. मार्चनंतर दगडी फरशी दुपारी पाय ठेवू देत नाही, आणि येथील बहुतेक वास्तूंत पादत्राणे काढून फिरावे लागते. म्हणूनच थंडीतही दुपारी १२ ते ३ हा वेळ जेवण आणि विश्रांतीसाठी मोकळा ठेवावा. मुक्काम शक्यतो स्टेशन ते गांधी चौक या पट्ट्यात करावा. बहुतेक स्थळे तेथून रिक्षाच्या टप्प्यात येतात.

शनिवार : पहाटे गोलघुमट

गोलघुमट सकाळी ६ वाजता उघडतो, आणि पहिल्या तासाभरात जो पोहोचला त्यालाच तो ऐकायला मिळतो. 'ऐकायला' हा शब्द येथे मुद्दाम योजला आहे. महंमद आदिलशहाची (कारकीर्द १६२७ ते १६५६) ही कबर म्हणजे सुमारे ४७ मीटर बाजूचा एक चौरस घन आणि त्यावर सुमारे ४४ मीटर बाह्य व्यासाचा घुमट. आत एकही खांब नाही. एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानी चौरसाचे रूपांतर वर्तुळात करतात आणि घुमटाचा भार भिंतींवर उतरवतात. चार कोपऱ्यांवर सात मजली अष्टकोनी मनोरे आहेत. त्यांतील अरुंद जिन्याने वर गेले की घुमटाच्या पायथ्याशी, आतील बाजूस, वर्तुळाकार सज्जा लागतो.

या सज्जात भिंतीशी तोंड नेऊन केलेली कुजबुज समोरच्या टोकाला, ३७ मीटरांहून अधिक अंतरावर, स्पष्ट ऐकू येते. वक्र भिंत ध्वनीला आपल्या कडेकडेने वाहून नेते, हे त्याचे कारण. टाळी वाजविल्यास तिचे अनेक पडसाद उमटतात. सलग सुट्यांच्या दिवशी दहा वाजल्यानंतर मात्र सज्जात शेकडो माणसे एकाच वेळी ओरडत असतात. ज्या गुणासाठी ही वास्तू जगप्रसिद्ध आहे तो गुण त्या कोलाहलात नाहीसा होतो आणि लहान मुले तर घाबरून खाली उतरतात. सहा वाजता आलेल्या कुटुंबाला कागदाचा तुकडा फाडल्याचा आवाजही पलीकडे पोहोचताना अनुभवता येतो. जिना उंच पायऱ्यांचा असल्याने गुडघेदुखीचा त्रास असलेल्या ज्येष्ठांनी खालच्या दालनातच थांबावे. तेथे मधल्या चौथऱ्यावर दिसतात त्या केवळ प्रतिकात्मक कबरी आहेत. खऱ्या कबरी खालच्या तळघरात आहेत.

समोरच्या नक्कारखान्यात पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे. ते शुक्रवारी बंद असते, हे गुरुवार-शुक्रवार जोडून येणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. तेथून जामा मशीद जवळ आहे. पहिल्या अली आदिलशहाने विजयनगरविरुद्धच्या १५६५ च्या लढाईनंतर ती बांधावयास घेतली. येथे आजही नमाज होतो. त्यामुळे शुक्रवारची दुपार टाळावी आणि पोशाख व छायाचित्रण यांबाबत तारतम्य बाळगावे.

दुपारनंतर पश्चिमेकडे

दुपारच्या जेवणात ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी आणि भरल्या वांग्याची 'येण्णेगाई' मिळणारी एखादी खानावळ निवडावी. सोलापूरकराला ही चव परकी वाटणार नाही.

तीननंतर शहराच्या पश्चिम टोकाला जावे. शर्झा बुरुजावरील मलिक-ए-मैदान ही तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली आणि १६३२ मध्ये परांड्याहून येथे आली. तिचे वजन सुमारे ५५ टन मानले जाते. तोफेच्या मुखाशी हत्तीला गिळणारे श्वापद कोरलेले आहे. ब्रिटिश अमदानीत, १८५४ मध्ये, ही तोफ लिलावात अवघ्या १५० रुपयांना विकली गेली होती. सुदैवाने तो व्यवहार रद्द झाला. जवळच १५८४ मध्ये हैदरखानाने बांधलेला उपळी बुरूज आहे. त्याच्या बाहेरच्या पायऱ्या चढून गेल्यावर संपूर्ण शहराचा विस्तार एका नजरेत येतो. सकाळी पाहिलेला घुमट पूर्वेच्या क्षितिजावर उभा असतो आणि तटबंदीचा सुमारे १० किलोमीटरचा घेर प्रथमच लक्षात येतो.

दिवसाचा शेवट इब्राहिम रोजाला करावा. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची (कारकीर्द १५८० ते १६२७) ही कबर आणि तिच्यासमोरची मशीद एकाच चौथऱ्यावर उभ्या आहेत. गोलघुमट आकाराने थक्क करतो, तर रोजा नजाकतीने. दगडी जाळ्यांत कोरलेली अक्षरे मावळतीच्या तिरप्या उन्हात उठून दिसतात. हा सुलतान स्वतः संगीतज्ञ होता. दख्खनी भाषेतील 'किताब-ए-नौरस' हा त्याचा गीतसंग्रह सरस्वतीच्या स्तवनाने सुरू होतो.

रविवार : बालेकिल्ला आणि पाणी

दुसरी सकाळ बालेकिल्ल्यासाठी. येथील वास्तू पायी पाहता येतात. गगनमहालाची सुमारे २० मीटर रुंदीची मधली कमान अद्याप उभी आहे, छप्पर मात्र गेले आहे. सप्टेंबर १६८६ मध्ये शेवटचा सुलतान सिकंदर औरंगजेबाला शरण गेला आणि आदिलशाही संपली. जवळच बारा कमान आहे. दुसऱ्या अली आदिलशहाची ही कबर गोलघुमटाला मागे टाकील अशा आकांक्षेने सुरू झाली, परंतु १६७२ मध्ये त्याचा मृत्यू झाला आणि बांधकाम थांबले. घुमटाविना उभ्या राहिलेल्या काळ्या कमानी राज्याच्या उतरत्या काळाची कथा कोणत्याही मार्गदर्शकापेक्षा नेमकी सांगतात.

परतण्यापूर्वी ताज बावडी अवश्य पाहावी. दुसऱ्या इब्राहिमच्या काळातील ही विहीर राजधानीच्या खऱ्या अडचणीकडे लक्ष वेधते. या कोरड्या पठारावर लाखो माणसांची तहान भागविण्यासाठी आदिलशाहीने तोरवीहून आणि बेगम तलावातून भूमिगत नळांनी पाणी आणले आणि त्याचा दाब राखण्यासाठी वाटेत जलमनोरे उभारले. असे काही मनोरे शहरात अजून दिसतात. घुमटांइतकेच हे मनोरेही राजधानीच्या वैभवाचे दाखले आहेत.

काय टाळावे

बदामी, ऐहोळे आणि पट्टदकल याच सहलीत बसविण्याचा मोह टाळावा. त्या स्थळांना स्वतंत्र दोन दिवस हवेत, अन्यथा सर्व वेळ गाडीतच जातो. दुसरी गोष्ट भिंतींची. गोलघुमटाच्या सज्जात आणि रोजाच्या ओवऱ्यांत कोरलेल्या नावांत देवनागरी नावे कमी नाहीत. साडेतीनशे वर्षे टिकलेला चुन्याचा गिलावा एका खिळ्याने कायमचा जातो.

शेवटचा सुलतान सिकंदर मोगलांच्या कैदेत राहिला आणि १७०० मध्ये साताऱ्याच्या परिसरात, औरंगजेबाच्या छावणीत मरण पावला. विजापूर आणि महाराष्ट्र यांचे नाते केवळ वैराचे नव्हते. चाकरी, भाषा, हिशेब आणि रणांगण अशा अनेक धाग्यांनी ते विणलेले होते. एका धावत्या भेटीत त्यातले फक्त पडसाद कानी पडतात. दोन सकाळी दिल्या, तर मूळ आवाजही ऐकू येतो.