डूमटाउन : आक्रमक कॅट

डूमटाउन हा अमेरिकेच्या 'जंगली पश्चिमे'वर बेतलेला स्पर्धात्मक पत्त्यांचा खेळ. पिनॅकल कंपनीच्या 'डेडलँड्स' (१९९६) या भूमिकाखेळातले गोमोरा हे कॅलिफोर्नियातले काल्पनिक गाव त्यात आहे. पहिली आवृत्ती १९९८ची. २०१४मध्ये अल्डरॅक एंटरटेनमेंट ग्रुपने 'डूमटाउन : रीलोडेड' आणला. पुढे तो पाइन बॉक्स एंटरटेनमेंटकडे गेला.

दिवसअखेर ज्याचे नियंत्रण-गुण प्रतिस्पर्ध्याच्या एकूण प्रभावापेक्षा जास्त, तो जिंकतो. नियंत्रण मुख्यतः मिळकतींतून येते, प्रभाव माणसांतून. आक्रमक खेळाडू ही माणसेच कमी करतो. मग दोन-तीन गुणही पुरतात. द्वंद्वाचे आव्हान नाकारणारा घरी परततो आणि त्याने सोडलेली मिळकत काबीज करता येते. म्हणून गोळी न झाडताही हल्ला फळतो.

चकमकीचा निकाल पोकरच्या हातांनी लागतो, आणि कॅटची खरी कसोटी इथेच आहे. प्रत्येक पत्त्याला अंक व रंग असतो : माणसे इस्पिक, मिळकती चौकट, शस्त्रे-घोडे-मंत्र बदाम, डावपेच किलवर. एकूण पत्ते ५२, शिवाय दोनपर्यंत जोकर. एका अंक-रंगाचे जास्तीत जास्त चार पत्ते चालतात, म्हणजे एका अंकाचे १६. तीन अंक पुरते भरले की ४८ होतात. उरलेले चार सुरुवातीलाच मैदानात उतरणाऱ्या टोळीचे ठेवावेत. मग पिसायच्या पत्त्यांत परका अंक राहत नाही.

टोळीत एक चांगला 'स्टड' नेमबाज हवाच. स्टडच्या प्रत्येक गोळीमागे एक जादा पत्ता मिळतो. म्हणजे दोन गोळ्यांचा नेमबाज पाचाऐवजी सात पत्ते उचलतो. तीनच अंकांतले सात पत्ते म्हटले की निदान फुल हाउस ठरलेलाच. मात्र त्यात तोच अंक त्याच रंगात दोनदा आला तर हात लबाडीचा ठरतो, आणि प्रतिस्पर्ध्याकडे योग्य पत्ता असला तर तो त्याची शिक्षा देतो. यावर उपाय एकच : प्रत्येक अंकात चारही रंग सारखे ठेवणे. नवखे खेळाडू किलवरचे मारक डावपेच कोंबतात आणि पकडले जातात. निव्वळ लढाऊ कॅटलाही मिळकती घ्याव्याच लागतात. त्यांतून पगाराची सोयही होते. पाच सारखे अंक निर्दोष ठरायला जोकर लागतोच, कारण रंग चारच.

या रचनेची किंमत खेळातल्या रोजच्या सकाळी मोजावी लागते. पहिल्या चाली आणि पैजेच्या पैशासाठी सर्वांत हलका हात जिंकतो. तीन अंकांच्या कॅटमधून पाच पत्त्यांत किमान दोन जोड्या पडतातच, म्हणून ही पैज बहुधा हरायची. खर्च बेतताना हे धरूनच चालावे.

डेडवुडला १८७६मध्ये मारला गेलेला वाइल्ड बिल हिकॉक याच्या हातात होते असे सांगतात, ते काळे एक्के व काळ्या अठ्ठ्या, चौकट गुलामासह, या खेळातला सर्वोच्च हात आहेत. त्यासाठी एक्का, अठ्ठी, गुलाम हेच तीन अंक घेतात.