नेल्सनची पकड आणि वैधतेची रेषा : पालथ्या मल्लास उलटविण्याच्या एका डावाचा नियमेतिहास

प्रस्तावना :

कुस्तीविषयी मराठीत झालेले बरेचसे लेखन मल्लांची चरित्रे, राजाश्रय आणि गाजलेली मैदाने यांच्याभोवती फिरते. नियमांचा इतिहास त्या मानाने उपेक्षित राहिला आहे. वस्तुतः एखादा डाव कोठे ग्राह्य मानला गेला आणि कोठे निषिद्ध ठरला, हे पाहू गेल्यास त्या त्या समाजाने मल्लाच्या शरीराचा आणि त्याच्या विजयाचा कोणता अर्थ लावला होता, हे ध्यानात येते. प्रस्तुत लेखात पालथ्या पडलेल्या मल्लास वरच्या मल्लाने उलटविण्याचा एकच डाव विचारार्थ घेतला आहे. पाश्चात्त्य कुस्तीत त्यास 'नेल्सन' म्हणतात. आपल्याकडील आखाड्यांत 'हप्ता भरणे' म्हणून जी पकड ओळखली जाते, ती याच जातीची होय. नेल्सन ही बेकायदा पकड आहे, असे सरसकट विधान अनेकदा केले जाते. ते अर्धेच खरे आहे, आणि उरलेल्या अर्ध्या भागातच या डावाचा खरा इतिहास दडलेला आहे.

पकडीची रचना :

पालथ्या मल्लाच्या बगलेखालून आपला एक हात घालून तळवा त्याच्या मानेवर टेकविला की अर्धा नेल्सन होतो. तळवा मान खाली दाबतो आणि कोपराकडील भाग बगल वर उचलतो. मान खाली आणि खांदा वर अशा दोन परस्परविरुद्ध हालचाली एकाच वेळी घडत असल्याने खालच्या मल्लाचे शरीर कुशीवर वळू लागते. मग वरचा मल्ल त्याच्या अंगाशी काटकोन साधून छातीने रेटा देतो आणि त्यास पाठीवर आणतो. येथे शक्तीपेक्षा तरफेचे तत्त्व महत्त्वाचे असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या आणि विसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंग्लिश व अमेरिकन वृत्तपत्रांत, एका हाताने अर्धा नेल्सन व दुसऱ्या हाताने जांघेतील पकड घेऊन कुस्ती निकाली झाल्याची वार्ता वारंवार आढळते, ती यामुळेच.

पूर्ण किंवा दुहेरी नेल्सनमध्ये दोन्ही बगलांखालून दोन्ही हात जाऊन मानेमागे एकमेकांत गुंततात. वरवर पाहता हा अर्ध्या नेल्सनचाच दुप्पट प्रकार वाटतो. परंतु यांत्रिक दृष्ट्या तो अगदी वेगळा आहे. अर्ध्या नेल्सनमध्ये शरीराला वळण्यासाठी एक दिशा मोकळी असते. मल्ल दाबाला शरण जाऊन कुशीवर वळला की मानेवरील ताण उतरतो. कुस्ती जाते, पण मान राहते. पूर्ण नेल्सनमध्ये दाब दोन्ही बाजूंनी सारखा असल्याने वळण्यास वाटच उरत नाही. हनुवटी छातीकडे ढकलली जाते आणि सारा भार मानेच्या मणक्यांवर येतो. शिवाय दोन्ही हात वर अडकल्यामुळे जमिनीला हात टेकून स्वतःस सावरणेही खालच्या मल्लास शक्य नसते. पुढील काळातील नियमांचे सारे मतभेद या एका फरकाभोवती फिरत राहिले.

कराराकडून नियमाकडे :

धंदेवाईक कुस्तीच्या आरंभकाळात सर्वमान्य अशी नियमसंहिता नव्हती. कोणत्या पकडी चालतील आणि कोणत्या नाहीत, हे त्या त्या कुस्तीच्या करारनाम्यात ठरत असे. गळा आवळण्याच्या पकडीमुळे 'स्ट्रँगलर' हे बिरुद मिळालेल्या एव्हान लुईस या अमेरिकन मल्लाशी कुस्ती ठरविताना प्रतिस्पर्धी ती पकड आधीच वर्ज्य करून घेत असत. वैधता ही अशा रीतीने दोन पक्षांमधील सौद्याची बाब होती. मल्लाच्या सुरक्षिततेची जबाबदारी कोणत्याही संस्थेवर नव्हती.

या काळाचा दुसरा विशेष म्हणजे उलटविण्याला स्वतंत्र मूल्य नव्हते. प्रतिस्पर्ध्याचे दोन्ही खांदे टेकले तरच विजय. तेथवर न पोहोचलेली हालचाल हिशेबात धरली जात नसे. दि. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडन येथे झालेली गामा आणि स्टानिस्लॉस झ्बिस्को यांची कुस्ती या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. झ्बिस्को आरंभीच खाली गेला आणि अडीच तासांहून अधिक काळ बहुतांशी जमिनीला चिकटून राहिला. गामा वर होता, ताबा त्याचा होता. तथापि तो त्यास उलटवू शकला नाही आणि कुस्ती अनिर्णित राहिली. आजच्या नियमांत झ्बिस्कोच्या निष्क्रियतेस दंड झाला असता. त्या दिवशी मात्र ती कायदेशीर बचाव ठरली. ठरलेल्या पुनर्लढतीस तो आलाच नाही. पुढे जानेवारी १९२८ मध्ये पतियाळा येथे हीच जोडी लढली, तेव्हा गामाने त्यास एका मिनिटाच्या आत चीत केले. या विजयाचे आपल्याकडे पुष्कळ गुणगान झाले आहे. तुलनेने १९१० ची कोंडी नियमांच्या अभ्यासकास अधिक शिकवून जाते.

ही कोंडी केवळ धंदेवाईक कुस्तीपुरती नव्हती. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये ग्रीको-रोमन प्रकारातील मार्टिन क्लाइन आणि आल्फ्रेड असिकाइनेन यांची लढत सुमारे ११ तास ४० मिनिटे चालली. विजयी क्लाइन इतका थकला होता की अंतिम लढतीस तो उतरू शकला नाही. उलटविता न आल्यास कुस्ती संपतच नाही, अशी ही अवस्था होती. यातून वाट काढायची तर वरच्या मल्लास अधिक घातक पकडी बहाल करणे किंवा उलटविण्याच्या अपूर्ण प्रयत्नासही गुण देणे, हेच दोन मार्ग संभवत होते. हौशी कुस्तीने दुसरा मार्ग स्वीकारला. अमेरिकन महाविद्यालयीन कुस्तीत ओक्लाहोमाचे प्रशिक्षक आर्ट ग्रिफिथ यांची गुणपद्धती १९४१ मध्ये स्वीकारली गेली. आंतरराष्ट्रीय नियमांतही प्रतिस्पर्ध्याची पाठ गादीकडे नव्वद अंशांहून अधिक वळविल्यास गुण मिळू लागले. अपूर्ण उलटीलाही मोल आल्यानंतर मानेवर जीवघेणा दाब देण्याची निकड ओसरली. घातक पकडींवर बंदी घालणे व्यवहार्य झाले ते या गुणपद्धतीमुळे, असे म्हणण्यास जागा आहे.

दोन संहिता, दोन भूमिका :

अमेरिकेतील शालेय आणि महाविद्यालयीन नियम या बाबतीत निःसंदिग्ध आहेत. अर्धा नेल्सन वैध. पूर्ण नेल्सन कोणत्याही स्थितीत अवैध. पाऊण नेल्सनलाही तेथे परवानगी आहे. या प्रकारात दोन्ही हात मानेवर जुळतात खरे, पण एकच हात बगलेखालून जातो व दुसरा प्रतिस्पर्ध्याच्या शरीराखालून येतो. म्हणजे वळण्याची एक बाजू शिल्लक राहते. अवैध पकडीमुळे जायबंदी झालेला मल्ल पुढे लढू शकला नाही, तर विजय त्याचाच मानला जातो.

आंतरराष्ट्रीय नियमांनी पूर्ण नेल्सनवर संपूर्ण बंदी घातली नाही. ही पकड बाजूच्या दिशेने आणि प्रतिस्पर्ध्याच्या शरीरावर पायांचा वापर न करता केली तरच ती चालते, अशी अट त्यात आहे. अट वाचताना क्लिष्ट वाटते. परंतु तिच्यामागील विचार शरीरशास्त्राला धरून आहे. दाब बाजूस वळला म्हणजे पाठीच्या कण्याला त्याच दिशेने जाता येते. पायांनी कंबर किंवा मांड्या जखडल्या, तर खालचा भाग स्थिर आणि वरचा भाग वाकलेला अशा अवस्थेत कणा सापडतो. पाठीचा कणा ताणणाऱ्या आणि गळा आवळणाऱ्या पकडींवरील बंदी याच विचाराची पुढची पायरी होय. यांत्रिक दृष्ट्या ही भूमिका अधिक सूक्ष्म असली, तरी तिची अंमलबजावणी पंचाच्या क्षणार्धातील नजरेवर सोपविलेली आहे. प्रौढ, मुरलेल्या मल्लांसाठी ती योग्य म्हणता येईल. सोळा वर्षांच्या मुलासाठी अमेरिकन शाळांची सरळ बंदीच श्रेयस्कर वाटते.

माती आणि गादी :

महाराष्ट्रात हा प्रश्न आणखी एका अंगाने उपस्थित होतो. मातीतील निकाली कुस्तीत चितपट हाच निर्णय. अर्धवट उलटवून गुण मिळत नाहीत. पालथ्या मल्लाच्या लांगेत किंवा जांघियात हात घालून त्यास ओढून फिरविणे तेथे रूढ आणि वैध आहे. गादीवर मात्र प्रतिस्पर्ध्याचा पोशाख पकडणे निषिद्ध आहे. मातीत वाढलेल्या मल्लाच्या हातांना सवयीने जी पकड सापडते, तीच गादीवर त्यास दंडास पात्र ठरविते. खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले, तेव्हा गादी आणि आंतरराष्ट्रीय नियम या दोन्ही गोष्टी त्यांना नवख्या होत्या. राजाराम महाविद्यालयाच्या या विद्यार्थ्याने चार वर्षांनी हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविले. त्या यशात नियमांशी जुळवून घेण्याचा वाटा किती मोठा होता, याकडे त्यांच्या चरित्रकथनात सहसा लक्ष दिले जात नाही; घर गहाण ठेवणाऱ्या प्राचार्य खर्डेकरांची कथा तेवढी सांगितली जाते.

महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती आणि गादी असे दोन स्वतंत्र विभाग असतात व त्यांतील विजेते अंतिम फेरीत परस्परांशी भिडतात. लांगेची पकड सुटली की पालथ्या मल्लास फिरविण्यासाठी कंबर, पाय आणि मान एवढीच ठिकाणे हाती उरतात. म्हणून गादीकडे वळणाऱ्या मुलास हप्ता शिकविणे क्रमप्राप्तच होते. मात्र दुहेरी हप्ता भरताना दाब कोणत्या बाजूस न्यावयाचा आणि पाय कोठे ठेवावयाचे, हे डावाबरोबरच, पहिल्याच दिवशी शिकवावे लागते. मातीत वस्तादाच्या हाकेसरशी हात थांबतो. गादीवर पंचाची शिट्टी वाजेपर्यंत मान वाकलेली असू शकते.